६१७४ ही कुठल्या प्रकारची संख्या? (नववीच्या वहीतून आलेला प्रश्न)

पावसाळी_छत्री

लेक नववीत आहे. सध्या वास्तव संख्या चालू आहेत. वहीत एकात एक गोल काढलेत: सगळ्यात आत नैसर्गिक, मग पूर्ण, मग पूर्णांक, मग परिमेय, आणि बाहेरचा मोठा गोल वास्तव. (पूर्ण आणि पूर्णांक ही नावं ज्याने ठेवली त्याला एकदा भेटायचं आहे. मी आजही आधी मनात घोकते, शून्य आलं की पूर्ण, उणे आलं की पूर्णांक.)

तर परवा त्यांच्या बाईंनी तास संपता संपता एक खेळ दाखवला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा.

३५२४ घेतली: ५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे गाडी हलतच नाही. घरातल्या सगळ्यांनी आपापल्या संख्या घेऊन पाहिल्या, सगळे ६१७४ वरच येऊन थांबले. बाई म्हणाल्या हा कापरेकर स्थिरांक. मग लेकीने विचारलं, "आई, यातल्या कुठल्या गोलात ही टाकायची?" मी म्हटलं नैसर्गिक. ती म्हणाली, "तशी तर ६१७५ पण आहे. मग हिच्यात वेगळं काय?"

मी भांडी घासायला निघून गेले. आता तुम्ही सांगा.

चहाटळ

घरातल्या सगळ्यांच्या म्हणता? माझं २१११ घेऊन ० आलं. २१११ − १११२ = ९९९, आणि ९९९ − ९९९ = ०. कापरेकर फेल.

कोड_पाडू

@चहाटळ, शून्य खाल्लंत. ते ०९९९ आहे, चार घरं सोडायची नाहीत. ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पाच पायऱ्या. शून्य गिळल्यावर थेट ९९९ वर अडकणाऱ्या संख्या एकूण ६८ आहेत, त्यातली एक तुम्ही पहिल्याच फटक्यात काढलीत, त्याबद्दल अभिनंदन.

आत्ताच दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून १००० ते ९९९९ सगळ्या तपासल्या. सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या की ८९९१ उरतात आणि त्या सगळ्या ६१७४ ला पोचतात. सातपेक्षा जास्त पायऱ्या कुणालाच लागत नाहीत. सगळ्यात जास्त गर्दी तिसऱ्या पायरीवर आहे, २१२४. पण पूर्ण सात पायऱ्या चढणाऱ्याही १९८० आहेत. नमुन्याला २००५ घेऊन बघा.

शून्यवादी

छान. आणि याचा उपयोग?

धागाकर्तीच्या लेकीला खरं उत्तर द्या की ६१७४ हा कुठलाही 'प्रकार' नाही. संख्यांचे प्रकार म्हणजे काय ते तिच्या वहीतच आहे. ५ − ७ चं उत्तर नैसर्गिक संख्यांत मिळेना म्हणून ऋण संख्या आल्या. ३ भागिले ४ जमेना म्हणून परिमेय आल्या. एकक चौरसाचा कर्ण मोजायला गेलं तर √२ कुठल्याच अपूर्णांकात बसेना म्हणून अपरिमेय घ्याव्या लागल्या. उणे एकाचं वर्गमूळ हवं झालं तेव्हा संमिश्र संख्या. प्रत्येक वेळी काहीतरी अडलं होतं. ६१७४ वाचून कुणाचं काय अडलं होतं?

गुणाकारराव

शून्यवादी, अडल्यामुळे नवा प्रकार येतो हे खरं, पण 'प्रकार' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि शाळेत तो फरक सांगायचा राहून जातो (मीही तीस वर्षं राहू दिला, कबूल करतो). एक प्रकार घर वाढवतो: पूर्णांक, परिमेय, वास्तव, संमिश्र. नवीन खोली काढली जाते आणि जुने लोक तिथेच राहतात. दुसरा प्रकार घरात आहेत त्यांनाच नावं ठेवतो: सम, विषम, मूळ, संयुक्त, त्रिकोणी, परिपूर्ण. १७ ला मूळ संख्या म्हटल्याने नवी संख्या जन्माला आली नाही, होती तिची ओळख पटली.

लेकीच्या गोलांत पहिल्या अर्थाचे प्रकार आहेत. कापरेकरांचे सगळे प्रकार दुसऱ्या अर्थाचे. म्हणून ६१७४ ला वेगळा गोल मिळणार नाही, नैसर्गिक संख्यांच्या गोलातच तिच्या नावाची पाटी लागेल.

फलाट_क्रमांक_तीन

सर, कापरेकरांचे 'सगळे प्रकार' म्हणजे? मला ६१७४ एवढंच माहीत होतं.

गुणाकारराव

मग थोडं सविस्तर लिहितो, माणूस आपल्याकडचा आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शाळा ठाण्याला, कॉलेज फर्ग्युसन. १९२७ साली कॉलेजात असतानाच गणितासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले, पुढे पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. विद्यापीठ नाही, संशोधनाची शिष्यवृत्ती नाही. पदरमोड करून गणित परिषदांना जायचे आणि स्वखर्चाने पुस्तिका छापायचे. ६१७४ त्यांना १९४६ मध्ये सापडला आणि १९४९ च्या मद्रासच्या परिषदेत त्यांनी तो मांडला. निवृत्तीनंतर पेन्शन तुटपुंजी म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. बाहेर नाव झालं ते गणिती कोड्यांवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याबद्दल लिहिल्यावर. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

आता त्यांच्या संख्या.

कापरेकर संख्या: वर्ग करा, वर्गाचे दोन तुकडे करा, तुकड्यांची बेरीज केली की मूळची संख्या परत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ लेकीला करायला द्या.

हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती. २१ घ्या, २ + १ = ३, तीनाने भाग जातो. हर्षद म्हणजे आनंद देणारी, नाव त्यांनीच ठेवलं. बाहेरच्या पुस्तकांत याच संख्या निवेन संख्या म्हणूनही भेटतात, इव्हान निवेन यांच्या १९७७ च्या एका व्याख्यानावरून. नाव दोन, माल एकच.

स्वयंभू संख्या: ही माझी लाडकी. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतली तर १५ + ६ = २१. म्हणजे १५ हा २१ चा जनक. आता २० चा जनक शोधा. १४ पासून १९ मिळते, १५ पासून थेट २१. मधली २० कुणापासूनच होत नाही. ती स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ अशी रांग जाते. आपल्याकडे देव स्वयंभू असतात, यांनी संख्याही शोधल्या. गावाच्या नावावरून यांना देवळाली संख्याही म्हणतात.

आणि डेम्लो संख्या. त्यातल्या सुंदर म्हणतात त्या १, १२१, १२३२१, १२३४३२१... म्हणजे ११, १११, ११११ यांचे वर्ग. डेम्लो हे जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरचं मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. आजचं डोंबिवली, असं सांगतात.

फलाट_क्रमांक_तीन

काय सांगता! वीस वर्षं त्या स्टेशनावर उभा राहतोय. मला फक्त पुढची लोकल कितीला आहे हे सुचतं.

चहाटळ

+१. आणि तेही सुचून उपयोग होत नाही.

बरं, डेम्लोत एकाचे नऊ आकडे घेतले तर १२३४५६७८९८७६५४३२१ येतं हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. दहा घेतले की?

कोड_पाडू

मोडतं. १२३४५६७९००९८७६५४३२१. मधे दहा यायला हवेत तिथे एका घरात दहा मावत नाही, हातचा पुढे सरकतो आणि आठाला खाऊन टाकतो.

शून्यवादी

बघा, तुमच्याच प्रतिसादात माझा मुद्दा आला. हातचा! डेम्लोचं सगळं सौंदर्य आपण दहाने हातचा घेतो म्हणून नवाला संपतं. बारा बोटं असती तर अजून दोन घरं पुढे गेलं असतं.

मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, ते नीट वापरा. अंक आणि संख्या. अंक ही लिपी आहे, संख्या ही वस्तू. १७ मूळ आहे ती दशमान पद्धतीतही, संगणकाच्या द्विमान पद्धतीतही आणि १७ दगड मांडले तरीही. ते दगड एकापेक्षा जास्त ओळींच्या आयतात लागतच नाहीत. पण हर्षद, स्वयंभू, ६१७४ हे सगळे अंकांचे गुण आहेत, संख्येचे नव्हेत. उद्या लिहिण्याची पद्धत बदला, सगळी पाटी पुसली जाईल.

हे माझं नाही. इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डींनी १९४० साली लिहून ठेवलंय. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्याच उलट्या संख्येच्या पूर्ण पटीत आहेत (८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९). आणि अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं काही नाही, असा त्यांचा निकाल.

माईआजी

हार्डी म्हणजे तेच ना, रामानुजन आजारी असताना १७२९ नंबरच्या टॅक्सीतून भेटायला गेले आणि नंबर अगदीच नीरस आहे म्हणाले ते? संख्या बघून नीरस म्हणायची त्यांना सवयच दिसते.

शून्यवादी

माईआजी, षटकार. पण रामानुजननी काय उत्तर दिलं ते बघा. दोन घनांची बेरीज म्हणून दोन रीतींनी लिहिता येणारी सगळ्यात लहान संख्या. १२³ + १³ आणि १०³ + ९³. यात अंक कुठे आले? कुठल्याही पद्धतीत लिहा, खरंच राहतं. रामानुजन माझ्या बाजूने.

चहाटळ

१ + ७ + २ + ९ = १९. आणि १७२९ = १९ × ९१. म्हणजे टॅक्सी हर्षदसुद्धा आहे. वर १९ उलटं केलं की ९१. रामानुजन दोन्ही बाजूंनी.

कोड_पाडू

मला राहवलं नाही म्हणून बाकीच्या पद्धतींत पाहिलं. अष्टमानात (दहाऐवजी आठाने हातचा) १७२९ लिहितात ३३०१. अंकांची बेरीज ७, आणि १७२९ = ७ × २४७. हर्षद! षोडशमानात (सोळाने हातचा) अंक येतात ६, १२, १. बेरीज पुन्हा १९. तिथेही हर्षद! द्विमानात मात्र बेरीज ५ येते आणि पाचाने भाग जात नाही. म्हणजे शून्यवादींचं बरोबर आहे, पाटी पुसली जाते, पण प्रत्येक वेळी नाही. हे काय प्रकरण आहे?

गुणाकारराव

१७२९ च्या बाबतीत थोडा योगायोग आहे. पण प्रश्न अगदी नेमका विचारलात. 'दहाच्या पद्धतीत अमुक संख्या हर्षद आहे का' हा खेळ झाला. 'कुठल्याही पद्धतीत हर्षदच राहणाऱ्या संख्या किती' हा गणिताचा प्रश्न झाला. त्याचं उत्तर आहे: चारच. १, २, ४ आणि ६.

अजून एक. १ ते १० या सलग दहा संख्या हर्षद आहेत हे लेकीलाही दिसेल. ११ ला साखळी तुटते. मग सलग जास्तीत जास्त किती हर्षद संख्या असू शकतात? १९९३ साली कूपर आणि केनेडी या दोघांनी सिद्ध केलं की वीस. एकवीस कधीच नाहीत, आणि सलग वीस मात्र अनंत वेळा येतात. यातल्या सिद्धतेत आकड्यांची गंमत नाही, घाम गाळायचं काम आहे.

शून्यवादी, अंक आणि संख्या हा फरक तुम्ही फार छान मांडलात, वर्गात मी तो तुमच्या शब्दांत सांगितला असता. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. अंक ही नुसती लिपी नाही, दहाच्या घातांनी केलेली मोजणी आहे. ६१७४ म्हणजे सहा हजार, एक शेकडा, सात दहा आणि चार. तिथे गणित भरलेलंच आहे. दाखवतो, लेकीलाही दाखवा, नववीचं बीजगणित पुरतं.

चार अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ. मोठी संख्या १०००क + १००ख + १०ग + घ. लहान संख्या १०००घ + १००ग + १०ख + क. वजा करा:

९९९(क − घ) + ९०(ख − ग)

थांबून बघा काय झालं. तुम्ही कुठलीही संख्या घेतलीत तरी उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरतं, टोकाच्या अंकांतला फरक आणि मधल्या अंकांतला फरक. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. अशा जोड्या किती? २ + ३ + ... + १० = ५४. कोड_पाडूंच्या संगणकाने ८९९१ संख्या तपासल्या, पण पहिल्याच वजाबाकीनंतर वेगळी उत्तरं फक्त ५४ उरतात. ती एका रविवारी पेन्सिलीने तपासून होतात. देवळालीच्या मास्तरांकडे संगणक नव्हता, त्यांना लागलाही नसता.

आणखी एक: मधला फरक शून्य नसेल तर उत्तराचा पहिला आणि शेवटचा अंक मिळून १० होतात, मधले दोन मिळून ८. ६१७४ मध्ये ६ + ४ आणि १ + ७. ३०८७ मध्ये ३ + ७ आणि ० + ८. ६१७४ साठी टोकांचा फरक ६, मधला २. ९९९ × ६ + ९० × २ = ५९९४ + १८० = ६१७४. चक्र तिथे बंद होतं.

कोड_पाडू

सर, हे बघितलंच नव्हतं. दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिल्याची आता लाज वाटतेय.

याच सूत्रात ९९९ आणि ९० च्या जागी दुसऱ्या पद्धतीतले आकडे घातले. पंचमानात ३०३२ अशीच जागच्या जागी थांबते (३३२० − ०२३३ = ३०३२, हातचा पाचाने घ्या). आपल्या दहाच्या पद्धतीत तीन अंकांना ४९५ मिळतो. दोन अंकांना कुणीच मिळत नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ अशी फुगडी चालू राहते. पाच अंकांनाही थांबा नाही, ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. सहा अंकांना ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन थांबे.

म्हणजे चार अंकांना एकच थांबा मिळणं आणि सगळ्यांनी तिथेच पोचणं हे आपोआप होत नाही.

शून्यवादी

५४ वालं आवडलं. मान्य. हार्डींचा निकाल मागे घेत नाही, पण अपील दाखल करून घेतो.

अवांतर: शून्य नैसर्गिक की नाही यावर अजून कुणी भांडलं कसं नाही?

माईआजी

शाळेच्या पुस्तकात नाही, कॉलेजच्या काही पुस्तकांत आहे. परीक्षेत शाळेचं लिहायचं. झालं भांडण. आता धागा भरकटवू नका.

पावसाळी_छत्री

बाप रे, रात्री टाकला आणि सकाळी इतके प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. सरांची ५४ ची मांडणी लेकीने वहीत उतरवून घेतली, बाईंना दाखवणार आहे. घर वाढवणारे प्रकार आणि घरातल्यांना नावं ठेवणारे प्रकार हे तिला इतकं पटलं की काल तिने मला 'विषम' म्हटलं.

७०३ केलं: वर्ग ४९४२०९, ४९४ + २०९ = ७०३. बरोबर आलं.

आता तिचा नवा प्रश्न. तिने १ पासून १२० पर्यंत सगळ्यांचे जनक शोधायला घेतले. काहींना जनक नाही, बहुतेकांना एक. पण १०१ ला दोन सापडले. ९१ + १० = १०१ आणि १०० + १ = १०१. म्हणून विचारतेय, तीन जनक असलेली संख्या कुठली?

कोड_पाडू

एक कोटीपर्यंत शोधलं. दोनवाल्या ढीगभर, तीनवाली एकही नाही. शंभर कोटींपर्यंत लावून ठेवलंय, लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतोय.

गुणाकारराव

पंखा बंद करा. सगळ्यात लहान संख्या आहे १०००००००००००१, म्हणजे एकावर तेरा शून्यं ही संख्या अधिक एक. शंभर कोटींच्या पुष्कळ पलीकडे. तिचे जनक:

१००००००००००००० (अंकांची बेरीज १)
९९९९९९९९९९९०१ (अंकांची बेरीज १००)
९९९९९९९९९९८९२ (अंकांची बेरीज १०९)

१०१ मध्ये जे झालं तेच इथे मोठ्या प्रमाणावर होतं. लांबलचक नवांची रांग आणि तिच्या पलीकडे एकदम एकावर शून्यं, त्या उंबरठ्यावर दोन्हीकडचे जनक एकाच घरी येतात. लेकीला तिन्ही बेरजा हाताने करू द्या.

शून्यवादी

सर, वर एक शून्य खाल्लंत. एक अधिक तेरा शून्यं म्हणजे चौदा घरं हवीत, तुमच्या पहिल्या ओळीत तेराच आहेत.

गुणाकारराव

खाल्लं खरं. १००००००००००००१ असं वाचावं. चहाटळांची क्षमा मागतो.

पावसाळी_छत्री

झाल्या तिन्ही बेरजा. नवांची ओळ समासाबाहेर जायला लागली म्हणून तिने वही आडवी धरली. हातचे मोजताना दोनदा चुकली, तिसऱ्यांदा आलं. आता चार जनकांचं विचारतेय. मी भांडी घासायला चालले.